घरच्या सोफ्यासाठी वाफेचे यंत्र: ठाण्याच्या दमट हवेत किती उपयोगी?

कापडी सोफा, जेवणाच्या टेबलाभोवतीच्या गादीच्या खुर्च्या आणि दिवाण घरच्या घरी स्वच्छ करण्यासाठी वाफेचे यंत्र घ्यावे का, हा प्रश्न दिवाळीच्या साफसफाईचे दिवस जवळ आले की आमच्या संकुलात हमखास निघतो. आम्ही ठाण्यात, घोडबंदर रस्त्यालगत मानपाड्याला राहतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर रहदारीची आणि मेट्रो ४ च्या कामाची धूळ आत येते, बंद ठेवाव्यात तर पावसाळ्यात घरातली ओल हटत नाही. अशा घरातल्या फर्निचरवर हे यंत्र आम्ही सर्व ऋतूंत वापरले आहे, आणि माझे मत आरंभीच सांगते: यंत्र चांगले आहे, पैसे वसूल होतात, परंतु ते सोफा धुण्याचे यंत्र नव्हे. वाफ मळ सैल करते, उचलत नाही. उचलण्याचे काम हातातल्या फडक्याला आणि व्हॅक्यूम क्लीनरला करावे लागते, आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत सोफा किती वेळात वाळतो यावर सगळ्या खटाटोपाचे यश ठरते.

यंत्राचे नाव मी देत नाही, कारण घरगुती वापराच्या या गटातल्या यंत्रांची रचना जवळपास एकसारखी असते आणि मी सांगणार आहे ते गुणदोष त्या रचनेचेच आहेत. आमचे यंत्र जमिनीवर ओढत न्यायचे, १५०० वॅटचे आणि एक लिटर पाण्याच्या टाकीचे आहे. लांब नळी, खटक्याची मूठ, छोटा ब्रश आणि अरुंद तोटी यांसह ते आम्हांला बारा हजार रुपयांच्या आसपास पडले. टाकी बंद असल्यामुळे आत सुमारे तीन बारचा दाब तयार होतो आणि पाणी १०० अंशांऐवजी १४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. जाहिरातीत हाच आकडा ठळक छापलेला असतो, पण ही उष्णता टाकीच्या आतली आहे. वाफ तोटीतून बाहेर पडली की झपाट्याने निवते. ब्रश कापडाला टेकलेला असताना जी वाफ १०० अंशांच्या जवळपास असते, तीच वीतभर अंतरावरून मारली तर कापड फक्त दमट होते. म्हणून दुरून फवारल्यासारखी वाफ मारण्यात काहीच अर्थ नाही.

वाफेची खरी ताकद तिच्या सुप्त उष्णतेत आहे. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता मोकळी होते, आणि ती सगळी कापडाच्या ज्या धाग्यावर वाफेचे पाणी होते त्या धाग्याला मिळते. तेलकट मळ सुटतो तो त्यामुळे. याच गणिताने पाहिले तर १५०० वॅटचे यंत्र एका मिनिटात फार तर ३५ ग्रॅम पाण्याची वाफ करू शकते, म्हणजे सतत वापरल्यास भरलेली टाकी अर्ध्या तासाच्या आत संपते. तीन आसनांच्या सोफ्याला आम्हांला एक टाकी पुरते. शॅम्पूने सोफा धुताना त्यात काही लिटर पाणी ओतले जाते. येथे सगळे मिळून जेमतेम एक लिटर, आणि त्यातलेही बरेचसे फडक्यात आणि हवेत जाते. या यंत्राचा सर्वांत मोठा गुण मला हा कमी पाण्याचा वाटतो. जंतुनाशाच्या गोष्टी त्यानंतर येतात.

हातात धरून वापरण्याची छोटी यंत्रेही दुकानांत मिळतात आणि ती बरीच स्वस्त असतात. त्यांची टाकी पाव लिटरची असते, म्हणजे दहा मिनिटांत पाणी संपते, मग यंत्र निवेपर्यंत थांबायचे, पुन्हा पाणी भरायचे आणि पुन्हा तापायची वाट पाहायची. एखादी खुर्ची किंवा मोटारीची आसने यांसाठी ते ठीक आहे. पूर्ण सोफ्यासाठी मी ते सुचवणार नाही.

खरेदीपूर्वी घरातले विजेचे पॉइंट पाहून घ्यावेत, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. २३० व्होल्टला १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि दिवाणखान्यातले टीव्ही-मोबाइलचे साधे पॉइंट ६ अँपिअरचे असतात. १६ अँपिअरचा मोठा पॉइंट बहुतेक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात असतो किंवा एसीसाठी भिंतीवर उंच बसवलेला असतो. त्यामुळे जाड वायरीचा, १६ अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड वेगळा घ्यावा लागतो, आणि तो वापरताना वायरीची गुंडाळी पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली वायर तापते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. वाफेआधी व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे अनिवार्य आहे. कोरडी धूळ कोरडी असतानाच निघते. तिच्यावर वाफ बसली की तिचा चिखल होतो आणि तो विणीत आणखी खोल जातो. कुशन काढून खालची खाच, पाठ आणि बैठक यांच्यामधली फट, शिवणीवरचे पाइपिंग, हे सगळे अरुंद तोटीने साफ करावे. त्यानंतर यंत्र तापले की पहिली वाफ बादलीत सोडावी, कारण नळीत थंड होऊन साचलेले पाणी सुरुवातीला थुंकल्यासारखे बाहेर येते आणि ते थेट कापडावर पडले तर पाण्याचा डाग राहतो. मध्ये थांबून पुन्हा सुरू करतानाही हेच करावे. आम्ही ब्रशला जुना सुती पंचा गुंडाळतो. यंत्राबरोबर मिळालेले टॉवेलचे कापड चांगले असले तरी ते एकच असते, आणि या कामात सतत कोरडी घडी बदलावी लागते. पंच्याइतक्या घड्या दुसऱ्या कशाला पडत नाहीत.

याचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसला तो सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या नानांच्या, आरामखुर्चीवर. पाठीला जिथे डोके टेकते तिथे खोबरेल तेलाचा तळहाताएवढा काळपट डाग पडलेला होता. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळते, त्यामुळे थंडीत गोठत आणि एरवी पातळ होत ते कापडात मुरलेले होते, आणि वर धूळ बसून त्या जागी एकसलग, किंचित चकाकणारा थर तयार झाला होता. साबणाच्या फडक्याने तो नुसता पसरत असे. पंचा गुंडाळलेला ब्रश डागाच्या कडेकडून मध्याकडे हळू ओढला, की प्रत्येक ओढीला पंच्यावर तपकिरी, तेलकट पट्टा उमटे; घडी बदलून पुन्हा ओढले की थोडा फिका पट्टा उमटे. काही वेळाने कापडाच्या विणीतले उभे-आडवे धागे वेगवेगळे दिसू लागले आणि मूळचा राखाडी रंग वर आला. शेवटी भांड्यांच्या द्रव साबणाचा एकच थेंब टाकलेल्या पाण्यात पिळलेले फडके आणि त्यावरून साध्या पाण्याचे फडके फिरवले. डागाची अगदी पुसट कडा आजही तिरप्या उजेडात दिसते. तेलाच्या डागासाठी वाफेइतके परिणामकारक साधन मला घरात दुसरे मिळालेले नाही.

सगळ्या डागांविषयी असे म्हणता येत नाही. दूध, अंडे, रक्त यांच्यातली प्रथिने उष्णतेने गोठतात आणि धाग्याला धरून बसतात, म्हणून अशा डागावर आधी वाफ मारली तर पुढे तो निघणे अवघड होते. त्यांना थंड पाणी लावावे. आपला चहा दुधाचा असल्यामुळे त्यालाही हाच नियम लागू पडतो. लहान मूल किंवा घरातले मांजर यांनी सोफा ओला केला असेल तर वाफेने तो वास पक्का होतो. त्यासाठी एन्झाइम असलेले द्रावण वापरावे आणि वाफ टाळावी. बॉलपेनच्या शाईला सर्जिकल स्पिरिटचा बोळा बरा, तोही आतल्या बाजूला कापडाचा रंग सुटत नाही ना हे पाहून.

हळदीचे मात्र वेगळे आहे, आणि मराठी घरात सोफ्यावर वरण, रस्सा किंवा पोह्यांचा डाग पडणारच. हळदीतले कर्क्युमिन तेलात विरघळते, पाण्यात फारसे नाही; वाफेने तेल पातळ होऊन डाग उलट पसरतो. कपड्यांचा साबण लावला तर पिवळ्याचा तांबडा होतो, कारण अल्कधर्मी पदार्थ लागताच कर्क्युमिनचा रंग पालटतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. पण हाच रंग सूर्यप्रकाशात टिकत नाही. तेव्हा अन्नकण आणि तेल द्रव साबणाने हलके टिपून घ्यावे, सोफा ओढून खिडकीशी न्यावा आणि डाग उन्हात राहील असे पाहावे. चांगले ऊन असेल तर तो फिका होत जातो आणि पुढे दिसेनासा होतो. खोळ निघत असेल तर ती गच्चीवर वाळत घालावी, काम आणखी सोपे होते.

कापड कोणते आहे याचा विचार यंत्र विकत घेण्यापूर्वीच करावा, कारण अनेक घरांत जो सोफा आहे त्याला वाफ चालतच नाही. परदेशी किंवा मोठ्या कंपन्यांच्या सोफ्यांना बैठकीखाली एक चिठ्ठी शिवलेली असते आणि तिच्यावर डब्ल्यू, एस, डब्ल्यूएस किंवा एक्स अशी अक्षरे असतात. डब्ल्यू म्हणजे पाण्याची स्वच्छता चालते, एस म्हणजे पाण्याऐवजी फक्त सॉल्व्हंट (ड्रायक्लीनिंगला वापरतात तसे द्रावक), डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, आणि एक्स म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरशिवाय काहीही नको. एस आणि एक्स या दोहोंवर वाफ मारू नये. कारागिराकडून बनवून घेतलेल्या सोफ्याला अशी चिठ्ठी नसते. तेथे कापडाचा उरलेला तुकडा मागून घ्यावा किंवा सोफ्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे राहणाऱ्या भागावर, आधी वाफ देऊन तो पूर्ण वाळल्यावरच पुढचा निर्णय घ्यावा. ओले असताना सगळीच कापडे बरी दिसतात.

माझ्या अनुभवात पॉलिएस्टरचे विणलेले कापड आणि मायक्रोफायबर वाफ उत्तम सोसतात. जाड सुती कापड आणि तागाचे मिश्रण आटू शकते, आणि फार ओले झाले तर त्यावर तपकिरी झाक येते. व्हिस्कोसचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा, धागा ओला झाला की कमकुवत होतो, त्यामुळे ज्या चमकदार शेनीलमध्ये (लवदार दोऱ्याच्या कापडात) किंवा मखमलीत व्हिस्कोस आहे तिच्यावर ब्रश दाबला तर लव बसते आणि ती जागा कायमची वेगळी दिसते. मखमलीला वाफ द्यायचीच असेल तर ब्रश न टेकवता, किंचित अंतरावरून, आणि लव ओली असतानाच मऊ ब्रशने एका दिशेने उभी करत द्यावी. पण ज्याचा सोफा महागडा आहे त्याने हे धाडस करू नये असेच मी म्हणेन. खऱ्या चामड्याला वाफ लागली की ते आकसते आणि कडक होते. रेक्झिनच्या सोफ्यांवर उष्णतेने वरचा थर मऊ पडून पुढे सोलू लागतो. सोफ्याचे लाकडी हात पॉलिश केलेले असतील तर तेही जपावेत, कारण लाखेच्या पॉलिशवर वाफ लागताच पांढुरके चट्टे उठतात. आम्ही लाकूड कोरड्या टॉवेलने झाकून मगच जवळची शिवण साफ करतो. विजेवर चालणारा रिक्लायनर असेल तर मोटार आणि बटणे यांच्या आसपास वाफ अजिबात नेऊ नये.

फोमचा आणि वाळण्याचा विषय या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि परदेशी माहितीपुस्तिकांत त्याला जेवढी जागा असते तेवढी आपल्याला पुरत नाही. सोफ्यातला पॉलियुरेथेन फोम उघड्या पेशींचा असतो. त्यात शिरलेले पाणी गुरुत्वाने खाली उतरते आणि बैठकीच्या तळाशी, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे थांबते. अनेक सोफ्यांत फोमखाली काथ्याचा थर, मग प्लायवूड, आणि हे सगळे धरून ठेवायला कारागीर ज्याला सोल्युशन म्हणतात ते चिकट द्रव्य असते. ओल्या जागी बुरशी धरायला साधारण २४ ते ४८ तास पुरतात. पावसाळ्यात ठाण्यात आणि नवी मुंबईत हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, तेव्हा ज्या सोफ्याला जानेवारीत वाळायला एक दुपार लागते त्याला जुलैत दोन-दोन दिवस लागू शकतात, आणि ते दोन दिवसच बुरशीला हवे असतात. आमच्या ओळखीच्या सोफ्याच्या कारागिराने हे एका वाक्यात सांगितले होते: "ताई, कापड ओलं झालं तर वाळतं, फोम भिजला की मग मलाच बोलवावं लागतं."

म्हणून आम्ही सोफ्याची पूर्ण स्वच्छता पाऊस परतल्यानंतर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात किंवा डिसेंबर-जानेवारीत करतो, आणि पावसाळ्यात फक्त हाताची व डोक्याची जागा यांपुरती वाफ वापरतो. काम सकाळी दहाच्या सुमारास सुरू करावे, म्हणजे दुपारची सगळी उष्णता वाळवण्याला मिळते. कुशन आडवे न ठेवता कडेवर उभे करावेत, खोळीची चेन उघडी ठेवावी, छताचा पंखा आणि समोरून टेबल फॅन असे दोन्ही चालू ठेवावेत. हवा दमट असेल तर खिडक्या उघडून काही साधत नाही. त्यापेक्षा खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर लावावा, तो खोलीतली ओल बाहेर काढतो. वाळले आहे की नाही हे हात लावून कळत नाही, कारण कापड वरून कोरडे लागते तेव्हाही फोम ओला असू शकतो. कोरडा टिश्यू पेपर बैठकीवर ठेवून त्यावर जड डबा दहा मिनिटे ठेवावा. कागद किंचितही दमट लागला तर त्या सोफ्यावर त्या रात्री कोणी बसू नये आणि चादर तर मुळीच घालू नये.

आरोग्याविषयीच्या दाव्यांकडे वळते. खोक्यावर ९९.९ टक्के जंतू नष्ट होतात असे लिहिलेले असते, पण त्याखालच्या बारीक अक्षरांत ही चाचणी कठीण पृष्ठभागावर, म्हणजे लादी किंवा ओट्यासारख्या जागी, केलेली असल्याचे बहुधा नमूद असते. कापडाखाली फोम आहे आणि फोम उष्णतेला अटकाव करतो. वाफेची उष्णता त्यात फार खोल जात नाही. धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म जीव ५५ ते ६० अंशांना मरतात, आणि कापडाच्या वरच्या थरातले माइट वाफेने खरोखर मरतात. परंतु ज्यामुळे शिंका येतात आणि दमा वाढतो ते मुख्यतः त्यांच्या विष्ठेतली व अवशेषांतली प्रथिने असतात, आणि ती माइट मेल्यावरही तिथेच राहतात. त्यामुळे सोफा पूर्ण वाळल्यावर पुन्हा एकदा व्हॅक्यूम क्लीनर फिरवला नाही तर निम्मे काम राहून जाते. घरात दम्याचा त्रास असलेली व्यक्ती असेल तर हेपा फिल्टरचा, म्हणजे अतिसूक्ष्म धूळही अडवणाऱ्या गाळणीचा, व्हॅक्यूम क्लीनर असावा, आणि त्या व्यक्तीने हे काम चालू असताना दुसऱ्या खोलीत थांबावे. आणखी एक गोष्ट अशी, की माइट दमट हवेवर जगतात. सोफा ओलसर ठेवला तर मेलेल्यांच्या जागी नवे वाढायला वेळ लागत नाही.

ढेकणांच्या बाबतीत मात्र वाफ माझ्या अपेक्षेहून उपयुक्त ठरली. ढेकूण आणि त्यांची अंडी ५० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत टिकत नाहीत, आणि औषधाला दाद न देणाऱ्या ढेकणांवरही उष्णता काम करते. अट एवढीच, की तोटी शिवणीला टेकवून अगदी सावकाश न्यावी, फूटभर शिवणीला दहा-बारा सेकंद तरी द्यावेत, आणि वाफेचा जोर कमी ठेवावा, नाहीतर ढेकूण उडून दुसरीकडे पडतात. सोफ्यात प्रादुर्भाव झाला असेल तर भिंतीच्या भेगा आणि पलंगाचे सांधे यांसाठी पेस्ट कंट्रोल करावेच लागते. वाफ त्याला जोड म्हणून चांगली.

आता घरी येऊन सोफा धुऊन देणाऱ्या सेवांशी तुलना करायला हवी, कारण बारा हजारांच्या यंत्रापुढे हजार रुपयांची सेवा स्वस्तच वाटते. नेरूळला माझ्या धाकट्या बहिणीने श्रावणात, मंगळागौरीला पाहुण्या येणार म्हणून, अशी एक सेवा बोलावली होती. नोंदणी वाफेच्या स्वच्छतेची होती. आलेल्या दोघांकडे वाफेचे यंत्रच नव्हते. शॅम्पूचा फेस, ड्रिलला लावलेला गोल ब्रश आणि ओले ओढून घेणारा एक व्हॅक्यूम एवढेच होते. त्यांनी मेहनत प्रामाणिकपणे केली आणि सोफा उजळलाही, पण व्हॅक्यूमची ओढ कमी पडल्यामुळे फोम चांगलाच भिजलेला राहिला, बाहेर संततधार होती, आणि दोन-तीन दिवसांत दिवाणखान्यात कुबट वास येऊ लागला. नंतर तळाचे अस्तर उसवून पाहिले तेव्हा प्लायवूडवर बुरशीचे काळे ठिपके दिसले. बहिणीने तक्रार केली तेव्हा पुन्हा धुऊन देण्याची तयारी दाखवण्यात आली, जी त्या ओल्या सोफ्याला अजिबात नको होती.

तरीही या पद्धतीला मी वाईट म्हणणार नाही. गरम पाणी आणि साबण दाबाने आत सोडून लगेच जोरदार ओढीने परत खेचून घेणारे चांगले यंत्र असेल तर ते वाफेपेक्षा खोलवरचा मळ काढते, कारण त्यात मळ खरोखर सोफ्याबाहेर जातो. त्या यंत्राच्या टाकीत जमणारे काळे पाणी पाहिले की पटते. वर्षानुवर्षे न धुतलेला सोफा घरच्या वाफेने स्वच्छ होणार नाही, त्याला एकदा अशी धुलाईच हवी. आमच्याकडे कोरड्या हवेत, डिसेंबरात, आम्ही ती करून घेतली आणि निकाल उत्तम आला. मात्र सेवा ठरवताना नेमके कोणते यंत्र आणणार, पाणी सोडल्यावर ते खेचून घेण्यासाठी नुसती ओढ किती वेळा फिरवणार, आणि साबण शेवटी साध्या पाण्याने काढणार का, हे फोनवरच विचारून घ्यावे. साबण राहिला तर त्यावर धूळ चिकटून सोफा आधीपेक्षा लवकर मळतो. उत्तरे गोलमाल आली तर दुसरीकडे विचारावे. अशी धुलाई अधूनमधून बाहेरून करून घ्यावी आणि मधल्या काळात मळ साचू नये म्हणून घरचे यंत्र वापरावे, ही विभागणी मला योग्य वाटते.

यंत्राच्या आयुष्याचा प्रश्न पाण्याशी बांधलेला आहे. ठाण्याला भातसाच्या बाजूचे आणि नवी मुंबईला मोरबे धरणाचे जे पाणी नळाला येते ते तुलनेने हलके असते. परंतु घोडबंदर पट्ट्यातल्या आमच्यासारख्या अनेक संकुलांत टँकरचे आणि बोअरवेलचे पाणी त्यात मिसळते, आणि ते जड पाणी टाकीत उकळले की क्षारांचा पांढरा थर तळाला धरतो, वाफ कमी होते आणि कधीकधी पांढरट कण तोटीतून कापडावर येतात. गडद रंगाच्या सोफ्यावर ते फार वाईट दिसतात. आम्ही पिण्याच्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी वापरतो. त्या यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र कधीही भरू नये, त्यात क्षार एकवटलेले असतात. काही कंपन्या निव्वळ डिस्टिल्ड पाणी वापरू नका, नळाच्या पाण्यात मिसळा असे सांगतात, म्हणून पुस्तिका वाचूनच ठरवावे. काम झाल्यावर यंत्र पूर्ण निवू द्यावे, दाब उतरल्याची खात्री करूनच झाकण उघडावे आणि उरलेले पाणी ओतून टाकावे. वाफेने भाजणे हे उकळत्या पाण्याने भाजण्यापेक्षा गंभीर असते, त्यामुळे लहान मुले घरात असतील तर हे काम ती शाळेत गेल्यावर करावे आणि खटक्याचे कुलूप लावण्याची सवय ठेवावी.

ज्यांच्याकडे पॉलिएस्टरच्या कापडाचा सोफा, गादीच्या खुर्च्या, मोटारीची आसने आणि घरात तेल लावणारी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. स्वयंपाकघरातला ओटा, चिमणीची जाळी आणि न्हाणीघराच्या लादीतल्या फटी यांवरही ते उत्तम चालते, त्यामुळे वर्षभर पडून राहत नाही. चामडे, रेक्झिन किंवा मखमल असलेल्यांनी ते सोफ्यासाठी म्हणून घेऊ नये. घेताना दुकानात यंत्र सुरू करून दाखवायला सांगावे, नळीची लांबी सोफ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत पोहोचेल का ते पाहावे, आणि तोटीच्या सांध्यातल्या रबरी रिंगा सुट्या मिळतात का, त्या ठाण्यातच मिळतात की मागवाव्या लागतात, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. सर्वांत आधी झिजतात त्या या रिंगाच, आणि त्या झिजल्या की सांध्यातून वाफ थेट हातावर येते.